परांचीवरची फळी

परांचीचे खांब लोखंडी होऊन शंभर वर्षे झाली. तिच्यावरची फळी मात्र बराच काळ लाकडाचीच राहिली. रोमन आणि मध्ययुगीन युरोपीय भिंतींत ओळीने चौकोनी भोके दिसतात. त्यांत आडवे दांडे खोचून वर फळ्या टाकत. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले, म्हणून तिथे परांचीची फारशी गरज पडली नाही. चिऱ्यावर चिरा चढवणाऱ्या गवंड्याला ती सोय नव्हती.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी वासे दोरांनीच बांधत. डॅनियल पामर-जोन्स यांनी दोराच्या जागी साखळीचा बंध आणला आणि १९१३ मध्ये तो बकिंगहॅम राजवाड्याच्या कामात वापरला गेला. पुढे १९१९ मध्ये त्यांचा 'युनिव्हर्सल कपलर' आला व लोखंडी नळ्या रुळल्या. फळीचे माप तिथे ठरून गेले: ३८ मिमी जाड, २२५ मिमी रुंद, टोके चिरू नयेत म्हणून पट्टी ठोकलेली, आणि साधारण दर १.२ मीटरवर आधार. पण लाकूड भिजते, कुजते.

पत्रा दाबून केलेल्या फळीने ही उणीव भरून काढली. तिला लांब अंतरावर आधार पुरतो, टोकाचे आकडे नळीवर अडकतात, उठावदार भोकांमुळे पाय घसरत नाही. मात्र ती गंजते, विजेच्या तारेजवळ घातक ठरते आणि भंगारात विकली जाते, म्हणून चोरीलाही जाते!

प्लास्टिकची फळी अलीकडची. ती कुजत नाही, चोराला नको असते. अडचण ताठरपणाची आहे: लोखंड लाकडाच्या सुमारे २० पट ताठ, तर साधे पॉलिथिलीन लाकडाच्या दहाव्या हिश्शाइतकेच. त्यामुळे तिला बरगड्या किंवा काचतंतू घालावे लागतात. सततच्या भाराखाली आणि उन्हात ती हळूहळू वाकते ते वेगळेच. शिवाय प्लास्टिक पेट घेते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगच्या वाँग फुक कोर्ट या निवासी वसाहतीला लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा बांबूच्या परांचीबरोबरच इमारतीभोवतीची जाळी आणि खिडक्यांवरचा फोम यांवरही बोट ठेवले गेले.

मुंबईत रंगकामाला आजही बांबूची परांची बांधतात, आणि पुष्कळदा तिच्यावर फळीच नसते. रंगारी आडव्या बांबूवर उभा राहतो. उंच इमारतीवर पत्र्याची फळी हाच शहाणपणाचा पर्याय. प्लास्टिक बुटक्या, हलक्या कामापुरते ठीक.