ऱ्होड आयलंड: एका घरातले दोन भाऊ

अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सर्वांत लहान असलेलं ऱ्होड आयलंड आपल्या गोव्याहूनही लहान आहे. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, तर ऱ्होड आयलंडची जमीन जेमतेम २,६७८. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या अकरा लाखांच्या आत भरली. पण एवढ्याशा भूमीत अमेरिकेचं सर्वांत उदात्त स्वप्न आणि तिचं सर्वांत मोठं पाप, दोन्ही एकाच छपराखाली नांदली.

स्वप्न रॉजर विल्यम्सचं. श्रद्धेच्या बाबतीत सरकारचा अधिकार चालत नाही आणि मूळ रहिवाशांची जमीन राजाला परस्पर वाटून टाकता येत नाही, असं हा धर्मोपदेशक उघडपणे सांगे. मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटनांनी १६३५मध्ये त्याला हद्दपार केलं. ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवत तो दक्षिणेकडे निघाला. नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी यांनी दिलेल्या जागेवर १६३६मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. पुढे बॅप्टिस्ट, क्वेकर, ज्यू असे इतरत्र नकोसे झालेले लोक या वसाहतीत आले. १६६३च्या राजसनदेने धर्मस्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यूपोर्टमध्ये १७६३ साली उघडलेलं टूरो सिनेगॉग आजही उभं आहे.

ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला मात्र डिसेंबर १६७५ आला. शेजारच्या वसाहतींच्या फौजेने दलदलीतल्या नॅरागॅन्सेट गढीवर हल्ला करून बायकामुलांसह शेकडो माणसं मारली.

इथली माणसं हट्टी. १७७२मध्ये त्यांनी गॅस्पी हे ब्रिटिश जहाज जाळलं. ४ मे १७७६ला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दोन महिने आधी, राजनिष्ठा झुगारली. नव्या देशाची घटना लिहायला या राज्याने प्रतिनिधीच पाठवला नाही. मूळच्या तेरा राज्यांत सर्वांत शेवटी, १७९०मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना कशीबशी मान्य झाली.

याच स्वातंत्र्यप्रेमी बंदरांतून गुलामांची जहाजं सुटत होती. वेस्ट इंडीजहून काकवी यायची, न्यूपोर्टच्या भट्ट्यांत तिची रम व्हायची, ती आफ्रिकेत देऊन माणसं विकत घेतली जायची. ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांनी अशा नऊशेहून अधिक सफरी केल्या आणि सुमारे एक लाख माणसं समुद्रापार नेली. अमेरिकेच्या वसाहतींत या धंद्यात त्यांचाच वाटा सर्वांत मोठा होता.

प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन कुटुंबात हा इतिहास अगदी घरापर्यंत पोचतो. १७६४मध्ये चार भावांनी मिळून सॅली नावाचं जहाज आफ्रिकेला धाडलं. कप्तानाने १९६ जण विकत घेतले, त्यांतले शंभराहून जास्त मेले. त्यानंतर जॉन ब्राउनने हा धंदा सोडला नाही. धाकट्या मोझेसने १७७३मध्ये आपले गुलाम मुक्त केले, क्वेकर पंथ स्वीकारला आणि गुलामीविरुद्ध आयुष्यभर झुंज दिली. भावाशीही त्याने वर्तमानपत्रांतून जाहीर वाद घातला. गुलामव्यापारावर बंधन घालणाऱ्या १७९४च्या कायद्याखाली जॉनवर खटला भरला गेला आणि त्याचं जहाज जप्त झालं.

मोझेस तरी पूर्ण निष्कलंक राहिला का? त्याच्याच भांडवलावर सॅम्युअल स्लेटर या इंग्रज कारागिराने १७९०मध्ये पॉटकेट इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली. अमेरिकी कारखानदारीचा पाया इथे घातला गेला. पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती, आणि पुढे अशा गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येऊ लागला. मजुरीतली कपात आणि वाढवलेले तास यांविरुद्ध १८२४मध्ये पॉटकेटच्या विणकर स्त्रियांनी संप केला. अमेरिकेतला कारखान्यातला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो.

गिरण्यांमागून माणसं आली. वूनसॉकेटमध्ये फ्रेंच बोलणारे कॅनेडियन, प्रॉव्हिडन्सच्या फेडरल हिलवर इटालियन, शिवाय आयरिश, पोर्तुगीज आणि केप व्हर्डीचे लोक. प्युरिटनांपासून पळालेल्यांचं हे राज्य आज अमेरिकेतल्या सर्वाधिक कॅथलिक राज्यांत मोजलं जातं.

ब्राउन घराण्याचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाने २००३मध्ये आपल्या पैशाचा उगम तपासायला समिती नेमली. तेव्हा अध्यक्षपदी होत्या रूथ सिमन्स, गुलामांच्या वंशज. २००६च्या अहवालात सॅलीच्या सफरीची कहाणी विद्यापीठाने स्वतःच जगापुढे ठेवली. या राज्याच्या इतिहासात १६६३च्या सनदेइतकंच मोल या अहवालाला द्यायला हवं.