बाळाची पावडर आणि टिकण्याचा प्रश्न

कळमना मार्केटात माल उतरला की पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस टिकेल?’ संत्र्याला विचारतात, मिरचीलाही. माझं घर याच भागात, त्यामुळे हा प्रश्न लहानपणापासून कानावर आहे. नातीला न्हाऊ घालायची वेळ आली तेव्हा तोच प्रश्न मला लोशनच्या बाटलीला विचारावासा वाटला. वरच्या बारीक इंग्रजी अक्षरांनी अभ्यासाला लावलं.

माझी आजी डाळीचं पीठ, हळद आणि साय वाटीत कालवायची. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. ओलं ते नासतं, हे तिला ठाऊक होतं. दिवाळीचं उटणं मात्र कोरडं, म्हणून ते डब्यात राहतं. कारखान्यातल्या लोशनमध्ये आणि शाम्पूत पाणी असतं, आणि बाटली महिनोन्‌महिने टिकवायची असते. म्हणून त्यांत जंतू आणि बुरशी रोखणारे परिरक्षक घालावे लागतात. ते नसले तरी धोका असतोच, कारण जंतू वाढलेलं लोशन तान्ह्या कातडीला घातक ठरू शकतं.

पण जंतू मारणारं द्रव्य बाळाला कितपत सोसतं? 1972 साली फ्रान्समध्ये ‘तालक मोरांज’ या पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं. ते कातडीतून शरीरात जाऊन मज्जासंस्थेवर आघात करतं. 36 मुलं दगावली. पुढे भारताच्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतही ते निषिद्ध झालं. साबणाला एक टक्क्यापर्यंत सूट राहिली, पण ‘बाळांना वापरू नये’ असं वेष्टनावर छापण्याच्या अटीवर.

महाराष्ट्रातलं प्रकरण मुलुंडचं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या तिथल्या कारखान्यात 2007 साली बेबी पावडरीच्या 15 बॅचमधले जंतू कमी करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरला गेला. कर्करोगकारक म्हणून ओळखला जाणारा हा वायू. ही पद्धत मंजूर प्रक्रियेत नव्हती आणि पावडरीत त्याचा अंश उरला का, याची तपासणी झाली नाही, असा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा आक्षेप होता. कारखान्याचा सौंदर्यप्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला 2013 साली. कोणाला इजा झाल्याची तक्रार नाही, असं कंपनीने सांगितलं. पण 2007 ची पावडर ज्यांच्या अंगाला लागली, ती बाळं तोवर शाळेत जाऊ लागली होती.

उशिराची हीच गोष्ट पुन्हा घडली. पुणे आणि नाशिकमध्ये घेतलेल्या नमुन्यांचा सामू प्रमाणात नाही म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये याच कारखान्याच्या बेबी पावडरीवर कारवाई झाली. नमुने मात्र काही वर्षं जुने होते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ते आदेश रद्द केले, आणि तपासणीतल्या दिरंगाईवरही बोट ठेवलं. इतका उशीर झाल्यावर कारवाईला वजन उरत नाही आणि आईबापांना उत्तरही मिळत नाही.

बाहेरच्या देशांत वय धरून नियम झाले. डेन्मार्कने 2011 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या प्रसाधनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन बंद केले. युरोपीय संघाने 2014 मध्ये लंगोटाच्या जागी लावायच्या प्रसाधनांपुरती तशीच बंदी आणली, कारण झाकलेल्या, चिडलेल्या कातडीतून द्रव्य जास्त शोषलं जातं. पण ‘पॅराबेनमुक्त’ लिहिलं म्हणजे निर्धास्त व्हावं, असं नाही. पॅराबेनच्या जागी अनेकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन वापरलं आणि त्याने ॲलर्जी वाढली. अखेर 2017 पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत तेही बंद झालं.

नातीसाठी मी आता लहान बाटली घेतो, उघडल्याची तारीख त्यावर लिहितो आणि वास बदलला की फेकतो. एवढं घरी जमतं. बाटलीत आत काय आहे, हे मात्र प्रयोगशाळेनेच सांगायचं, आणि तेही बाळ मोठं व्हायच्या आत.