चिकटपट्टीतून निघालेला सेन्सर
२००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत एका अणूइतका पातळ थर मिळवला: ग्राफीन. २०१० मध्ये नोबेलही मिळालं. मला भावते ती पुढची गोष्ट. या थरातला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच, त्यामुळे वर काही येऊन बसलं की विजेचं वहन बदलतं. २००७ मध्ये याच गटाने वायूचा एकेक रेणू टिपला. पण रक्तात हजारो प्रथिनं! कोण आलंय, हे ग्राफीनला कुठे कळतं? २०२० मध्ये दक्षिण कोरियात त्यावर अँटिबॉडी बसवल्या, तेव्हा कोरोनाचं स्पाइक प्रथिन ओळखता आलं. म्हणून ‘एका थेंबात निदान’ अशी बातमी दिसली, की आधी विचारा: चाहूल लागली, पण ओळखतंय कोण?