किकोंबे चा काहावा

आधी श्वास घ्या. लवंग! झांझिबारमध्ये चटयांवर वाळत घातलेल्या लवंगांचा वास थेट घशात उतरतो. दाराजानीची मंडई 1904 साली उभी राहिली. वाळवलेल्या माशांचा दर्प मागे टाकून तुम्ही गल्लीत शिरता. गोणी घेऊन ‘हमाली’ येतो (हो, आपला हमालच) आणि तुम्ही तापलेल्या भिंतीला चिकटता. पाठ भाजते.

किण किण किण. म्हातारा कॉफीवाला वाट्या वाजवत ओरडतो, ‘‘किकोंबे चा काहावा!’’ तुमचे कान टवकारतात. कप कॉफीचा! स्वाहिली ‘चा’तला ‘च’ चहातला, आपला निराळा. हे साम्य नुसता योगायोग आहे. खरी जवळीक पुढे आहे. हा ‘चा’ कॉफीकडे बघत नाही, कपाकडे बघतो. कप अनेक झाले की ‘विकोंबे व्या काहावा’. घर असतं तर ‘या’, मूल असतं तर ‘वा’. चा-ची-चे लहानपणापासून तोंडात घोळवणाऱ्या तुम्हाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मला तर या एका गोष्टीमुळे स्वाहिली आपल्या घरची वाटते.

शेजारी हलव्याचं ताट, भोवती मधमाश्या. ‘हालुआ ना काहावा’, म्हणजे हलवा आणि कॉफी. ताटापाशी उभा पोरगा पोट चोळत म्हणतो, ‘‘निना न्जा.’’ मी भुकेसह आहे, म्हणजे भूक लागलीय! तेवढ्यात तो किंचाळतो, ‘‘निमेउम्वा ना न्युकी!’’ मधमाशीने डसलं. तिन्हीकडे ‘ना’च: आणि, सह, -ने. पोराचं बोट टम्म सुजलंय, डोळ्यांत पाणी, तरी दुसरा हात हलव्याकडेच.

ओट्यावर एक कोळी गोष्ट रंगवतोय. ‘‘निलीक्वेंडा प्वानी, निकानुनुआ समाकी, निकारुडी.’’ किनाऱ्यावर गेलो, मासे घेतले नि परतलो. यात आपल्या ‘नि’साठी सुटा शब्दच नाही, क्रियापदाच्या पोटातला ‘का’ एक घटना दुसरीला बांधतो. आपण ‘जाऊन, घेऊन, परतलो’ म्हणतो, तसाच वेग. ऐकणारे प्रत्येक ‘का’ला पुढे सरकतात, तुम्हीही.

घसा कोरडा पडलाय. दोन बोटं दाखवून तुम्ही धीर करता, ‘‘विकोंबे विविली चा काहावा.’’

म्हातारा किटली तशीच तिरपी धरून थांबतो. ‘‘व्या,’’ तो म्हणतो.

‘‘व्या काहावा.’’

आता धार वाटीत पडते. काळी, कडू, जीभ पोळणारी.