हाताला काम : विशेष तरुणांच्या व्यवसायशिक्षणाची वाटचाल

शाळेचा इतिहास लिहिताना गुणवंतांच्या याद्या, मुख्याध्यापकांची परंपरा आणि वाढत गेलेल्या इमारती यांची नोंद आवर्जून केली जाते. ज्या मुलांची नावे शालान्त परीक्षेच्या निकालात कधी झळकलीच नाहीत, त्यांच्या शिक्षणालाही भारतात सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. दृष्टी नसलेला, ऐकू न येणारा किंवा बुद्धीची वाढ सावकाश झालेला मुलगा वयात आला, की त्याच्या आईवडिलांपुढे उभा राहणारा प्रश्न सर्व प्रांतांत आणि सर्व भाषांत एकच असतो : ‘आमच्या पश्चात याचे काय?’ अशा तरुणांच्या व्यवसायशिक्षणाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला समाजाने वेळोवेळी दिलेल्या, कधी अपुऱ्या तर कधी समर्थ उत्तरांचा इतिहास होय.

वेत, टोपली आणि माग

या कार्याचा आरंभ मुख्यतः मिशनरी संस्थांनी केला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. 1887 साली अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसर येथे अंधांसाठी शाळा काढली. ती पुढे डेहराडूनजवळील राजपूर येथे गेली. 1900 साली अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत सुरू केलेली अंधशाळा आजही दादरमध्ये उभी आहे. अशा शाळांतून अक्षरओळखीच्या जोडीला वेताच्या खुर्च्या विणणे, टोपल्या करणे, हातमाग चालवणे हे उद्योग शिकवले जात. त्यांना भांडवल थोडे लागे, बोटांच्या स्पर्शावर ते साधत आणि तयार वस्तूला गिऱ्हाईक मिळे. भीक हाच ज्यांचा व्यवसाय मानला जात होता, त्यांच्या हाताला कसब मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि या व्यवस्थेत एक मर्यादा होती. मुलाची आवड, शक्ती वा बुद्धी काहीही असो, त्याच्या वाट्याला वेतच येई. काम आधी ठरे आणि माणूस त्यात बसवला जाई.

युद्धाने दिलेला धडा

या विचाराला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. रणभूमीवर दृष्टी गमावलेल्या भारतीय जवानांसाठी 1943 साली डेहराडून येथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झाले. त्याची धुरा सांभाळणारे सर क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचेही डोळे गेले होते. शेती केलेले, यंत्रे हाताळलेले, संसार असलेले हे जवान दयेचे अन्न खायला तयार नव्हते. त्यांना स्वावलंबी जीवन पुन्हा उभारायचे होते. 1950 साली भारत सरकारने ही संस्था आपल्याकडे घेतली आणि तेथेच प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. पुढच्याच वर्षी भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी स्वीकारली गेली. कसब आणि साक्षरता यांची अशी सांगड पडली.

कमलाबाईंचे कार्य

याच सुमारास मुंबईत एक वेगळी दृष्टी रुजत होती. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या आणि भारताच्याच झाल्या. त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. 1952 साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्याही त्या अग्रणी होत्या. फलटणचे कमला निंबकर बालभवन आज त्यांचे नाव चालवीत आहे.

व्यवसायोपचाराचे सूत्र सोपे आहे. कोणतेही काम म्हणजे लहान लहान क्रियांची मालिका. त्यांपैकी कोणती क्रिया या माणसाला जमते, कोणती सरावाने जमेल आणि कोणती साधन बदलून सोपी करता येईल, हे पाहायचे. या सूत्राने प्रश्नाचे तोंडच फिरवले. ‘या मुलात काय उणे आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘या कामात नेमके काय लागते?’ असे विचारले जाऊ लागले.

कारखान्याच्या दारात

1952 साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड अर्थात ‘नॅब’ ही संस्था स्थापन झाली. बहुसंख्य अंधजन खेड्यांत राहतात हे ओळखून तिने गुजरातमधील फणसा येथे शेती आणि ग्रामोद्योगांचे प्रशिक्षण केंद्र उभारले. ख्यातनाम क्रिकेटपटू आणि गिरणीमालक विजय मर्चंट यांनी या कार्याला आपली प्रतिष्ठा दिली व अपंगांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी परिश्रम घेतले. जुळणी, वेष्टन, सुटे भाग तपासणे अशा कितीतरी कामांत डोळ्यांपेक्षा बोटे अधिक लागतात, हे कारखानदारांना हळूहळू पटू लागले.

शासनाची पावलेही त्या दिशेने पडली. अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय 1959 साली मुंबईत सुरू झाले. 1968 साली मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. 1977 साली केंद्र सरकारच्या क आणि ड वर्गांतील नोकऱ्यांत अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींसाठी प्रत्येकी एक टक्का, असे तीन टक्के आरक्षण आले.

काळाने मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा शिकवली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेत मागे पडला. टेलिफोन स्वयंचलित झाले आणि अंध ऑपरेटरांची पदे घटली. अनेक अपंगांना आधार देणारी एसटीडीची खोकी मोबाइलने ओस पाडली. केवळ एका यंत्राच्या वा एका वस्तूच्या भरवशावर दिलेले शिक्षण त्या यंत्राबरोबरच जुने होते. नवे काम शिकण्याची सवय तेवढी टिकते.

सर्वांत उशिरा उघडलेले दार

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची वाट याहून बिकट होती. 1944 साली जय वकील यांनी आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. या क्षेत्रातील कितीतरी संस्थांचा उगम असा एखाद्या आईच्या किंवा वडिलांच्या काळजीत आहे. 1984 साली सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि प्रशिक्षणाला शास्त्रीय बैठक लाभली.

या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणावरून कळते. पुडीत दहा स्क्रू भरायचे आहेत आणि मुलाला दहापर्यंत मोजता येत नाही. अशा वेळी त्याच्यापुढे दहा खळगे असलेली फळी ठेवतात. प्रत्येक खळग्यात एक स्क्रू ठेवायचा, सगळे खळगे भरले की फळी पुडीत रिकामी करायची. मोजणे फळी करते, काम मुलगा करतो आणि पुडीतला हिशेब चुकत नाही. वेळेवर येणे, बसने जाणे, पैसे ओळखणे, साहेबांशी व सोबत्यांशी नीट बोलणे हे धडेही हाताच्या कसबाइतकेच मोलाचे मानले जातात. कसब असूनही नोकरी सुटते, ती पुष्कळदा याच धड्यांअभावी.

कायद्याने मात्र या मुलांना फार ताटकळत ठेवले. 1977 च्या आरक्षणात त्यांना स्थान नव्हते आणि 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील आरक्षणातही ते मिळाले नाही. त्या अधिनियमाने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली; परंतु घरच्यांची खरी चिंता अठराव्या वर्षानंतर सुरू होते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. अखेर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आरक्षण चार टक्क्यांवर नेले आणि त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आदींना मिळून एक टक्का वाटा दिला. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

पणतीपलीकडे

2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी काम करणारे सुमारे 36 टक्के होते. पुरुषांत हे प्रमाण 47 टक्के, तर स्त्रियांत अवघे 23 टक्के. अपंग मुलीला घराबाहेर पाठवण्याची भीती या आकड्यामागे दडलेली आहे, हे कोणत्याही पालकाला सांगावे लागणार नाही.

विशेष शाळांच्या कार्यशाळांतून दिवाळीच्या पणत्या, राख्या, कागदी पिशव्या आणि पाकिटे वर्षानुवर्षे तयार होत आहेत. सणाच्या प्रदर्शनात दयेपोटी घेतलेली पणती त्या दिवशी आनंद देते. वर्षभराचा पगार देत नाही. मुंबईतील ओम क्रिएशन्ससारख्या संस्थांनी वेगळी वाट धरली. खाद्यपदार्थ आणि कलावस्तू गुणवत्तेवर विकल्या जाव्यात, हा त्यांचा आग्रह राहिला. गिऱ्हाईक पुन्हा आले, तर ते वस्तूसाठी यावे, ही कसोटी सोपी नाही. पण प्रतिष्ठा तिच्यातूनच मिळते.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांपुढे याखेरीज भाषेचा प्रश्न आहे. घरी मराठी बोलणाऱ्या बौद्धिक अक्षम मुलाला कार्यशाळेत तेलुगू, कन्नड वा हिंदी सूचना समजायला दुप्पट कष्ट पडतात. एक सूचना, एक शब्द, एक कृती अशी शिकवण ज्याला हवी, त्याच्यासाठी मातृभाषा हे कामाचेच साधन असते. परप्रांतात मराठी शाळा टिकवणाऱ्या समाजाला हे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

अशा शाळेचे माजी विद्यार्थी आज कारखाने, दुकाने, कार्यालये आणि उपाहारगृहे चालवतात. त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या आस्थापनातील एखादे काम निवडावे, त्याच्या पायऱ्या मांडाव्यात आणि एका विशेष तरुणाला ते सहा महिने शिकू द्यावे. जमल्यास त्याला इतरांसारखाच पगार द्यावा, न जमल्यास दुसरे काम शोधावे. अपंगत्वाच्या नावाखाली फुकट राबवून घेऊ नये आणि चुकले तर सांगायलाही कचरू नये. पालकांनीही मुलाला अठराव्या वर्षाची वाट न पाहता ताट मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, कोपऱ्यावरून दूध आणणे अशी कामे लहानपणापासून सोपवावीत.

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत वेताची जागा यंत्राने घेतली आणि यंत्राची जागा संगणकाने. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर कायद्याच्या टक्क्यांत थोडे आहे, संस्थांच्या कष्टांत थोडे आहे. उरलेले उत्तर, आपल्या दुकानात किंवा कचेरीत एक खुर्ची मोकळी करणाऱ्या माणसाकडे आहे.