कायमचा पत्ता

कादंबरी हा प्रकार मी आजवर मुदत ठेवीसारखा बाजूला टाकून ठेवला होता. निवृत्त झालो की उचलू! बी. कॉम. झालेल्या माणसाला गोष्टीतल्या माणसांची जरा धास्तीच असते. त्यापेक्षा जमाखर्चाचे आकडे बरे. संध्याकाळपर्यंत जुळतात तरी.

पण गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याला पाऊस असा कोसळला, की दोन दिवस वीज गेली, मोबाईल मान टाकून बसला आणि मी स्वयंपाकघरातले डबे मोजायला लागलो. तेव्हा आमच्या हिनं एक जुनं पुस्तक माझ्यापुढं आदळलं. "हे घ्या, वाचा! माझे डबे जुळलेले आहेत."

पुस्तक होतं गो. नी. दांडेकरांचं 'पवनाकाठचा धोंडी'. सन १९५५ चं.

गोनीदा म्हणजे आमच्या मावळचेच म्हणायचे. जन्म १९१६ चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. पण बिऱ्हाड केलं तळेगाव दाभाड्याला. तिथून त्यांनी गडकिल्ले पायाखाली घातले. मीही तळेगावला चार वर्षं नोकरी केली. पायाखाली घातला तो फक्त स्टेशनचा जिना.

यातला धोंडी हा तुंगीचा हवालदार. तुंग म्हणजेच कठीणगड. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे पवन मावळचे चार पहारेकरी. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. पुढं ते स्वराज्यात परत आले. १८१८ साली मात्र इंग्रज आले आणि गडांचं कामच संपलं. आमच्या भाषेत, मुख्य कार्यालय बुडालं, शाखा बंद! तरी धोंडी आपल्या गडाशी बांधलेला. ज्या गडाला शत्रू उरला नाही, त्याचा हवालदार!

आता हे वाचून माझ्यासारख्याला हसू यायला हवं. आलंही, पहिली वीसेक पानं. मग एकाएकी आमच्या खिडकीपुढचे एक आजोबा आठवले आणि हसू घशात अडकलं.

त्याचं असं झालं. खात्याचं केवायसी करायला हे आजोबा फॉर्म घेऊन आले होते. 'कायमचा पत्ता' या रकान्यात त्यांनी एका गावाचं नाव लिहून आणलं होतं. मी कॉम्प्युटरच्या यादीत शोधलं. सापडेना.

"आजोबा, हे गाव यादीत नाही."

"न्हाई कसं? हाय की," आजोबा म्हणाले. "पान्याखाली हाय, येवढंच."

मागची रांग हसली. मीही हसलो, आणि 'पुरावा आणा' म्हणून फॉर्म परत दिला. असा तीन वेळा दिला. नियम म्हणजे नियम!

पवना धरण १९७२ साली पूर्ण झालं. साडेआठ टीएमसी पाणी अडलं आणि त्याखाली काठची गावं गेली. कित्येकांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं. तहात किती किल्ले गेले, धरणात किती पाणी मावतं, हे सगळं दप्तरात सापडतं. पण त्या काठावरची माणसं भांडायची कशी, रुसायची कशी, देवापुढं काय बोलायची, हे दप्तरात कोण लिहिणार? ते कादंबरीवाल्यानं लिहून ठेवलं. पाणी चढायच्या सतरा वर्षं आधी. मी ज्याला 'नुसती गोष्ट' म्हणत होतो, ती त्या खोऱ्याची खातेवही निघाली.

पावसाळा सरल्यावर आम्ही उभयता तुंगीवर गेलो. घुसळखांबावरून तुंगवाडीपर्यंत गाडी, पुढं पाय. पाय माझेच होते, पण ओळख देईनात. मारुतीपाशी बसलो, गणपतीपाशी बसलो आणि कशीबशी वरची तुंगाईदेवी गाठली. खाली पवनेचं पाणी पसरलेलं, निळंशार. शेजारची कॉलेजची पोरं फोटो काढत होती. ही बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुमच्या त्या आजोबांचं गाव यात नेमकं कुठं आलं असेल?"

मी काय सांगणार? आमच्या यादीत नव्हतं ना ते!

आजोबा चौथ्यांदा आले, तेव्हा मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. चहा मागवला. इतकी वर्षं खिडकीपलीकडं उभा असलेला माणूस जवळून बराच म्हातारा दिसतो. पत्त्यासाठी त्यांनी आता पिंपरीच्या मुलाचं वीजबिल आणलं होतं.

"तिथं करमतं का?" मी विचारलं.

"पानी भरपूर हाय," ते म्हणाले. "आपल्या पवनेचंच येतं नळाला."

पुढं दोघंही काही बोललो नाही. चहा प्यायलो.

कॉम्प्युटरला मी पिंपरी दिली. त्याचं समाधान झालं. कागदी फॉर्मवरचं गावाचं नाव मात्र खोडलं नाही. ऑडिटर हटकणार, हे ठाऊक आहे. कायमचा पत्ता पाण्याखाली असतो का, म्हणून पुरावा मागेल.

तो मी टेबलाच्या खणात ठेवलाय. हिच्या लक्षात यायच्या आत परत न्यायला हवा, एवढंच.