घरचा चित्रखजिना आणि त्याचा कारभारी

रौप्यमहोत्सवी वर्षाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यालयाच्या फळ्यावर सूचना लागली: ज्यांच्याकडे सोसायटीतल्या कार्यक्रमांचे, जुन्या माणसांचे फोटो-व्हिडिओ असतील त्यांनी आणून द्यावेत. आणि आले की हो! व्हीएचएस कॅसेटी, सीड्या, पेन ड्राइव्ह, बंद पडलेल्या मोबाईलची कार्डं. त्यांत गणपतीतले मुलांचे नाच आहेत, कोजागरीच्या भेंड्या आहेत, आणि आज आपल्यात नसलेल्या कितीतरी काका-काकूंचे आवाज आहेत. हे सगळं एका कॉम्प्युटरवर ठेवायचं, तो कायम चालू ठेवायचा, आणि ज्याला पाहायचं त्याने घरच्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहायचं, असं ठरलं. यालाच मीडिया सर्व्हर म्हणतात. अडलं ते पुढे. त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकायची? एका बाजूला विंडोजवाले, दुसऱ्या बाजूला लिनक्सवाले, आणि मधे "काहीही करा, पण माझ्या टीव्हीवर दिसलं पाहिजे" म्हणणाऱ्या वहिनी. या वादामागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे, तो सांगावा म्हणून हा लेख.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवली याची वही त्याच्याकडे असते. मालक आपण, पण वही वाचता येते ती त्यालाच.

परभणीत हा कारभारी म्हणजे विंडोज, हे जवळपास गृहीतच होतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, त्याच वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, आणि पुढे त्यांच्या एमएस-सीआयटी कोर्सने गावोगावच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवला. शिकवला तो विंडोजवर. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे आई-बापही शिकले. आपल्या सोसायटीत आजही दहा जणांना विंडोज येतं तर एकाला लिनक्स. ही गोष्ट लिनक्सवाल्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

पण आपल्याकडे कारभाऱ्याची खरी परीक्षा घेतली ती लाइटने. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमन दिवसाचे कित्येक तास, आणि वेळापत्रकाबाहेर जाणारी लाइट वेगळीच. कॉम्प्युटर डिस्कवर लिहीत असताना लाइट गेली तर काय होतं? जुन्या घरगुती विंडोजमध्ये डिस्कची मांडणी फॅट ३२ पद्धतीची असायची. तिच्यात वहीत थेट लिहायचं. अर्ध्यात लाइट गेली की नोंद अर्धी. लाइट आल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालू व्हायचं आणि आपण चहा घेऊन बसायचो. शिवाय ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे मावतच नाही, म्हणजे पूर्ण डीव्हीडी एका फाइलमध्ये ठेवायची सोय नाही.

यावरचा उपाय आपल्या मोंढ्यातल्या कुठल्याही मुनीमजींना ठाऊक असलेलाच होता: आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल करण्याआधी तो काय करणार हे एका कच्च्या वहीत लिहायचं. मधेच लाइट गेली तर परत आल्यावर कच्ची वही पाहून काम पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत ही सोय १९९३ पासून होती, पण ती बरीच वर्षं कचेऱ्यांच्या विंडोजपुरती राहिली. एक्सपीबरोबर घरी आली. लिनक्समध्ये एक्स्ट ३ ही अशी मांडणी २००१ मध्येच सामील झाली, आणि तिची पुढची पिढी एक्स्ट ४ ही २००८ मध्ये. म्हणजे या बाबतीत दोघेही उजवेच. 'लिनक्सवर लाइट गेली तरी काही होत नाही' हे अर्धसत्य आहे: वही शाबूत राहते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल जाऊ शकते.

यापुढची पायरी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ मध्ये खुली केली, तिचं नाव झेडएफएस. ही मांडणी जुन्या पानावर खाडाखोड करत नाही, नव्या पानावर लिहिते आणि मगच जुनं पान सोडते. शिवाय प्रत्येक तुकड्याची बेरीज मांडून ठेवते. वाचताना बेरीज जुळली नाही तर सांगते की माल खराब झालाय. दोन डिस्कवर दोन प्रती असतील तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करते. एकच डिस्क असेल तर मात्र बहुतेक वेळा नुसतं कळतं, दुरुस्ती होत नाही.

याच झेडएफएसवरून पुढे भावकी झाली, आणि ती हकिगत मला सगळ्यांत आवडते. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच माणसाने फ्रीनॅस नावाची व्यवस्था बनवली. जुना कॉम्प्युटर घ्यायचा, हे टाकायचं, की घरातल्या सगळ्यांसाठी साठवणीची पेटी तयार. आत कारभारी होता फ्रीबीएसडी, लिनक्सचा चुलतभाऊ म्हणा. २००९ मध्ये ही व्यवस्था डेबियन लिनक्सवर नव्याने बांधावी असा बेत निघाला. पण तेव्हा झेडएफएस नीट चालायचं ते फ्रीबीएसडीवर. लिनक्सवर गेलो तर ते हातचं जाईल म्हणून लोक चिडले. शेवटी वाटणी झाली. फ्रीनॅसचं नाव आणि फ्रीबीएसडी अमेरिकेच्या आयएक्स सिस्टिम्सने सांभाळलं. फ्रीनॅसवर काम करणारे फोल्कर थायले यांनी डेबियनवर वेगळं घर बांधलं, ते २०११ मध्ये आलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट. आता गंमत पाहा. फ्रीनॅसचं नाव २०२० मध्ये ट्रूनॅस झालं आणि २०२२ मध्ये त्यांनीच ट्रूनॅस स्केल आणलं, ते डेबियनवर! तोवर झेडएफएस लिनक्सवर चालू लागलं होतं. वाटणी करून वेगळे झालेले भाऊ शेवटी एकाच गल्लीत राहायला आले.

मायक्रोसॉफ्टनेही घरासाठी खास व्यवस्था काढली होती, विंडोज होम सर्व्हर, २००७ मध्ये. कल्पना झकास होती, पण एकापेक्षा जास्त डिस्क लावल्यावर काही फायली बिघडायच्या, असा दोष निघाला. दुरुस्ती आली ती जुलै २००८ मध्ये. २०१२ मध्ये कंपनीने तो मालच बंद करायचं ठरवलं. ज्यांनी सगळं त्यावर रचलं होतं ते पुन्हा नवा कारभारी शोधायला निघाले.

टीव्हीवर दाखवणारा प्रोग्रॅम हा कारभाऱ्याहून वेगळा. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी २००२ च्या सुमारास सुरू झालेला प्लेअर पुढे एक्सबीएमसी आणि २०१४ पासून कोडी झाला. एम्बीने आपला कोड बंद करायला घेतला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून जेलीफिन फुटून निघालं. ते फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं. वहिनींचा प्रश्न इथेच सुटला.

आता मराठीचं. मुंबईच्या इंडलिनक्स गटाने २००० च्या आसपास भारतीय भाषांतल्या लिनक्सचं काम हाती घेतलं, आणि २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवरून बॉस लिनक्स काढलं, त्यात मराठीही आहे. एक्सपीमध्ये देवनागरी दिसायला सेटिंगमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागे, सीडी मागे ती वेगळी. आज दोन्हीकडे मराठी छान दिसते. पण एक खाच आहे. एक्स्ट ४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, पाय मोडणं हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'श्री' एवढं लिहिलं की चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट गेले. एकूण ८५ चिन्हं मिळतात. विंडोजवर मात्र २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे 'चि. सौ. कां.' पासून स्थळ, तिथी, मुहूर्तापर्यंत सगळं फाइलच्या नावात लिहिणाऱ्यांच्या फायली विंडोजवरून लिनक्सवर उतरवताना अडतात. नावं आटोपशीर ठेवा: वर्ष, प्रसंग, आडनाव.

"हे सगळं कशाला, गूगलवर टाका" असंही कुणी म्हणालं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. ते ठीकच आहे, पण मग दर महिन्याचे पैसे कोणी भरायचे, आणि खातं कोणाच्या नावावर?

माझं मत डेबियन, वर ओपनमीडियाव्हॉल्ट आणि जेलीफिन, मांडणी साधी एक्स्ट ४. झेडएफएस सरस आहे, पण ते बिघडलं तर उलगडून पाहणारं माणूस आज आपल्या इमारतीत नाही. विंडोजवाल्यांना रोज काही अडणार नाही, कारण सांबा या प्रोग्रॅममुळे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या लॅपटॉपवर आपोआप दिसतं. त्यांचा खरा मुद्दा दुसराच आहे आणि तो मला पटतो: उद्या पेटीच बंद पडली तर एक्स्ट ४ ची डिस्क विंडोज आपणहून वाचत नाही. म्हणून दुसरी प्रत एनटीएफएस मांडणीच्या बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या विंगमधल्या घरी. ती एमएस-सीआयटी झालेला कोणीही उघडील. पेटी म्हणून जुना लॅपटॉपच वापरू. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे घरोघरी असे पडून आहेत, आणि बॅटरी बरी असेल तर लाइट गेल्यावर तीच इन्व्हर्टरचं काम करते.

कारभारी कोणताही निवडा, व्हीएचएस कॅसेट त्याला वाचता येत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कार्यालयात अजून बऱ्याच कॅसेटी उतरवायच्या राहिल्यात. ज्यांच्या माळ्यावर चालू व्हीसीआर असेल त्यांनी कृपया सचिवांना सांगावं.